नकाशातले ‘चोपडेम’ आणि आपले चोपडे

शिवोलीचा पूल ओलांडला, की शापोरा नदीच्या अलीकडचा बार्देश संपतो आणि पेडण्यातले पहिले गाव लागते, चोपडे. डावीकडचा रस्ता नदीच्या काठाने मोरजीला जातो. पूल नव्हता तेव्हा इथे फेरीबोट होती. वाट चुकलेला माणूस धक्क्यावर कुणालातरी विचारायचा, आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडून गावाचे नाव ऐकायचा. आता विचारायची गरज उरलेली नाही. फोन सांगतो. पण फोनची भाषा मराठी करून बघा. कधी कधी ‘चोपडेम’, ‘पेर्नेम’, ‘मोरजिम’ अशी नावे दिसतात. मराठीत लिहिलेली, पण मराठीत कुणीही न उच्चारलेली!

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट आहे, असे वाटेल. मला तसे वाटत नाही. का, ते या अभ्यासलेखात पाहू.

हा ‘म’ आला कुठून?

पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीज राज्यात आला आणि इथली गावे रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली. पोर्तुगीज लेखनपद्धतीत शब्दाच्या शेवटचा ‘म’ पुष्कळदा पूर्ण उच्चारायचा नसतो. आधीचा स्वर नाकातून म्हणायचा, एवढीच ती खूण. म्हणजे आपला अनुस्वारच. कोकणीत आजही ‘चोपडें’, ‘पेडणें’ असे अनुस्वार देऊन लिहितात. मराठीतही जुन्या लेखनात तो होता. १९६२च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. तेव्हा रोमन ‘चोपडेम’मधला ‘म’ चुकीचा नाही. तो आपल्याच अनुस्वाराचा रोमन वेष आहे. ‘पेडणे’मधल्या ‘ड’साठी तर त्या पद्धतीत ‘र’चे अक्षर आले.

चूक होते ती परत येताना. संगणक रोमन अक्षरे घेतो, एकेकाला देवनागरी अक्षर जोडतो आणि मोकळा होतो. भाषा त्याला ठाऊक नसते.

इथे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातले एक उदाहरण आठवते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले, तेही रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये त्याची देवनागरी आवृत्ती काढली. अक्षरामागे अक्षर ठेवून हे काम झाले नसते. कुठला ‘न’ आणि कुठला ‘ण’, कुठे ‘त’ आणि कुठे ‘ट’, हे मराठी जाणणाऱ्यानेच ठरवायचे असते. नकाशातल्या नावांनाही असाच जाणता वाचक हवा आहे.

धंद्यात काय बदलले?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नकाशांचे क्षेत्र झपाट्याने खुले झाले. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ची, आणि नकाशा म्हणजे सरकारी, जपून ठेवायची वस्तू अशीच समजूत दीर्घकाळ होती. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. भारतीय संस्थांना नकाशे आणि भूस्थानिक माहिती तयार करायला पूर्वपरवानगीची अट उरली नाही. आडव्या अंतरात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यांपेक्षा बारीक माहिती तयार करण्याचा हक्क भारतीय संस्थांसाठी राखला गेला. २८ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. त्यात २०३०पर्यंत शहरे आणि गावे यांचे पाच ते दहा सेंटिमीटर इतक्या बारकाव्याचे नकाशे करण्याचे उद्दिष्ट आहे.

कंपन्याही सरसावल्या. १९९५ पासून नकाशे करणारी ‘मॅपमायइंडिया’ डिसेंबर २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. जुलै २०२२ मध्ये गुगलने रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारी ‘स्ट्रीट व्ह्यू’ सेवा भारतीय भागीदारांसह पुन्हा सुरू केली. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर होती. गोव्यातले एकही ठिकाण नव्हते. जुलै २०२४ मध्ये ‘ओला’ने आपल्या गाड्यांसाठी स्वतःचा नकाशा वापरायला घेतला.

स्पर्धा चांगलीच आहे. पण ती चालली आहे बारकाव्याची, वेगाची आणि ग्राहकाची. नावांची चौकशी कोण करतो?

उपग्रहाला न दिसणारे

पाच सेंटिमीटरचे चित्र मिळाले तर माडाची झावळीही दिसेल. पण वाड्याचे नाव वरून दिसत नाही. ते माणसालाच विचारावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या भूस्थानिक माहितीच्या तज्ज्ञ समितीने चौदा मूलभूत विषय ठरवले आहेत. उंची, पाणी, इमारती, रस्ते यांच्या जोडीला ‘भौगोलिक नावे’ हा त्यांतला एक स्वतंत्र विषय आहे. म्हणजे नाव ही नकाशावरची सजावट नाही, तीही मोजमापाइतकीच माहिती आहे.

चोपड्याच्या शेजारचा आगरवाडा घ्या. आगर म्हणजे मिठागर. इथे मीठ पिकते, हे नावातच सांगितले आहे. रोमनमधून फिरून ते ‘अगरवाडो’ झाले, की वाचणाऱ्याला उदबत्ती आठवेल, मीठ आठवणार नाही. एक काना गेला आणि गावाचा धंदा गेला!

खाजनाचा धडा

नकाशात नसणे किती महाग पडू शकते, हे गोव्याने पाहिले आहे. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खास कलम आहे: खाजन जमिनींचे नकाशे करावेत, त्या राखाव्यात. पुढे किनारी व्यवस्थापनाचा आराखडा आला, तेव्हा जुलै २०२१च्या जनसुनावणीत गावोगावच्या लोकांचे गाऱ्हाणे हेच होते, की आमचे बांध, आमच्या मानशी, आमची खाजने नकाशात नीट नाहीत.

थोडे गणित करू. १ : २५,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पंचवीस मीटर. भरतीचे पाणी अडवणारी मानस तीन मीटर रुंद धरली, तर कागदावर ती ०.१२ मिलिमीटर होते. पेन्सिलीच्या रेषेहून बारीक! पण हीच मानस तुटली तर आतल्या शेतात खारे पाणी शिरते. ज्याला तिचे महत्त्व ठाऊक आहे तोच मुद्दाम खूण करून ती दाखवील. आणि जे कागदावर नाही, ते राखा म्हणून सांगायचे तरी कसे?

आपण काय करू शकतो?

२००४ मध्ये लंडनच्या स्टीव्ह कोस्टने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला. हा नकाशा कुणीही खाते उघडून सुधारू शकतो. त्यात एकाच ठिकाणाला निरनिराळ्या भाषांतल्या नावांचे वेगळे रकाने देता येतात. मराठी नाव घातले म्हणून कोकणी किंवा रोमन नाव पुसावे लागत नाही. आपल्याकडे नावांवरून वाद पेटायला वेळ लागत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ‘चोपडे’ आणि ‘चोपडें’ शेजारी शेजारी नांदू शकतात, घरांत नांदतात तशीच.

कुणी म्हणेल, कंपन्यांचे काम आपण फुकट का करावे? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मला खुला नकाशा बरा वाटतो. तिथे दिलेले नाव सगळ्यांचे राहते. कंपनी ते वापरील, तशी पंचायतही वापरील आणि आपली भाषामंडळेही.

करून पाहा

१. आपल्या वाड्यावरची दहा नावे लिहून काढा: पाणंद, तळी, बांध, मानस, देऊळ, कपेल, खुरीस, शेताचा तुकडा.

२. प्रत्येक नाव गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना विचारा. उच्चार फोनवर मुद्रित करा, त्यांची परवानगी घेऊनच.

३. देवनागरीत लिहा आणि नावाचा अर्थ कळला तर तो नोंदवा. कळला नाही तर ओढूनताणून व्युत्पत्ती लावू नका.

४. मग ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी आणि कोकणी रकाने भरा. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून नावे उतरवू नका. परवान्याच्या दृष्टीने ते चुकीचे आहे, आणि त्यांच्या चुकाही आपल्या माथी येतील.

पुढच्या वेळी शिवोलीचा पूल ओलांडताना फोन जरा खिशात ठेवा. नाक्यावर कुणालाही गावाचे नाव विचारा. मिळेल ते उत्तर जसेच्या तसे लिहून घेतलेत, की अभ्यासाला सुरुवात झाली.