दस्तुरीच्या नाक्यावरून पुढे

नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरीच्या वाहनतळावर थांबली की माथेरानच्या सहलीस प्रारंभ होतो, आणि पुष्कळांच्या दिवसाचा निकालही पहिल्या पाच मिनिटांत तेथेच लागून जातो. कारण यापुढे मोटारींना मज्जाव आहे, गावापर्यंतचे अंतर किती आणि चढ कसा याची नवख्यास कल्पना नसते, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण होऊन सल्ला देणारे इसम मोटारीच्या दाराशी येऊन उभे राहिलेले असतात.

आमच्याबरोबर सत्तरी उलटलेल्या मावशी होत्या. बालपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी नेरळहून या डोंगरावरच्या छोट्या गाडीने प्रवास केला होता, आणि या खेपेस निदान शेवटच्या टप्प्यापुरते तरी त्या गाडीत बसावे एवढ्याच इच्छेने त्या आल्या होत्या. दाराशी आलेल्या एका गृहस्थाने मोठ्या आर्जवाने सांगितले की, गाडी आज बंद आहे, बाजारपेठ दीड तासाच्या खड्या चढणीवर आहे, आणि आजींना घोड्यावाचून तरणोपाय नाही. त्याच्या शब्दावर सर्वांसाठी घोडे ठरले, ‘बारा पॉइंट’ दाखविण्याच्या कराराने. थोडे अंतर गेलो नाही तोच झाडीतून शिटी ऐकू आली, आणि उतारूंनी भरलेली ती गाडी अमन लॉजकडून आमच्या शेजारून संथपणे निघून गेली. घोड्याच्या खोगिराला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेल्या मावशी एवढेच म्हणाल्या, “अरे, गाडी तर चालू आहे.” गेलेल्या पैशांचे दुःख मला आज उरलेले नाही, एका वृद्ध स्त्रीची इतकी साधी इच्छा असत्य बोलून हिरावून घेतली गेली, हे मात्र अद्याप मनातून जात नाही.

म्हणून येथे प्रथमच जाणाऱ्यांस माझी कळकळीची विनंती आहे की, दस्तुरीस उतरताच कोणाशीही व्यवहाराचे बोलू नये. नगरपरिषदेचा प्रवेशकर जेथे भरावयाचा असतो, तेथे जाऊन पावती घ्यावी आणि गाडी, वाट, अंतर यांविषयीची चौकशी त्याच ठिकाणी करावी. अमन लॉज स्थानक तेथून काही मिनिटांच्या पायवाटेवर आहे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटातील भाग बंद ठेवण्याचा रिवाज आहे, परंतु अमन लॉज ते माथेरान ही लहान फेरी त्या दिवसांतही एरवी चालू असते. ‘गाडी बंद आहे’ या वाक्यातील अर्ध्या सत्यास याच भेदाचा आधार मिळतो. आणि चालतच जावयाचे म्हटले तरी बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरच्या आतबाहेर आहे. रुळांच्या कडेने जाणारी ती सावलीची वाट निरोगी माणूस पाऊण तासात सहज आक्रमितो.

ही गाडी केवळ वाहन म्हणून पाहू नये. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या द्रव्याने हा अवघा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग बांधविला आणि 1907 साली तो खुला झाला. 2005 च्या जुलैमधील महापुराने तो ठिकठिकाणी वाहून नेला, तेव्हा 2007 मध्ये तो पुन्हा सुरू करण्यात आला. डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळणे घेत जाणारे हे रूळ या गावाच्या चरित्राचाच भाग आहेत.

आमच्या त्या दिवसाचा उरलेला भाग ‘पॉइंट’ या शब्दाने खाऊन टाकला. एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर नेण्याची घाई, प्रत्येक ठिकाणी मावशींना उतरविणे, क्षणभर उभे राहणे, पुन्हा चढविणे. वस्तुतः माथेरान म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरचा, जांभ्या दगडाचा, पाटासारखा सपाट माथा आहे. त्यावरचे अरण्य जेथे संपते आणि तुटलेला कडा सुरू होतो, अशा जागांना पॉइंट म्हणतात. अशा जागा तीसहून अधिक आहेत, आणि त्यांतील बारा धावतपळत गाठणाऱ्याच्या पदरी एकाच कड्याचे बारा तुकडे पडतात. त्यापेक्षा एक बाजू निवडावी आणि ती पायी पाहावी. सकाळी उशिरा पोचणाऱ्याने प्रथम दक्षिणेकडे वन ट्री हिलला जावे, जेथून शिवाजी शिडी या नावाने ओळखली जाणारी अवघड वाट खाली उतरते. दुपारचे ऊन शार्लट तलावाकाठी, पिसरनाथाच्या देवळाच्या आवारात घालवावे. आणि तेथून पश्चिमेच्या कड्याकडे वळून दिवस कलताना लुइसा पॉइंटवर प्रबळगडासमोर बसावे. पॅनोरमा पॉइंटवरचा सूर्योदय पाहावयाचा तर मुक्कामच हवा. शार्लटचे पाणी गावाच्या पिण्यासाठी आहे, याचे भान तलावाकाठी बसणाऱ्याने ठेवलेच पाहिजे.

ठाण्याचे कलेक्टर मॅलेट 1850 साली या डोंगरावर आले, आणि तेव्हापासूनच्या साहेबी वस्तीची नावे कड्याकड्यांवर कायम आहेत. परंतु याच गावात 1912 साली हुतात्मा भाई कोतवाल यांचा जन्म झाला. कर्जत भागातील शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढणारा आणि बेचाळीसच्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ या आपल्या दलासह मुंबईस वीज पुरविणारे मनोरे पाडणारा हा तरुण 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर गोळीस बळी पडला. बारा पॉइंटांच्या यादीत त्याच्या स्मारकास स्थान नव्हते. बाजारपेठेत चिक्की आणि चपला घेण्यात अर्धा तास जातो. त्यातील काही मिनिटे या स्मारकापाशी द्यावीत, असे मला मनःपूर्वक वाटते.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. जांभा कड्याशी ठिसूळ होतो आणि पावसात त्यावर शेवाळ धरते, म्हणून छायाचित्रासाठी कठड्यापलीकडे पाऊल टाकू नये. माकडांसमोर खाद्यपदार्थ उघडू नयेत, आणि त्यांना खाऊ घालणे तर सर्वथैव वर्ज्य समजावे. सूर्यास्त पाहून परतताना झाडीत अंधार अकस्मात दाटतो. तांबड्या मातीतून वर आलेली मुळे दिसेनाशी होतात. विजेरी जवळ असावी, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच स्थानकावर विचारून ठेवावी.

त्या संध्याकाळी आम्हांस परतावयास उशीर झाला, आणि मावशींचे पाय पूर्णपणे थकले होते. बाजारपेठेच्या टोकाशी एका वयस्क घोडेवाल्याने त्यांना दस्तुरीपर्यंत नेले. आरंभी जो दर सांगितला तोच शेवटी घेतला, आणि उतरणीवर तो लगाम एका हाती व मावशींचा हात दुसऱ्या हाती धरून चालला. या डोंगरावरील कित्येक कुटुंबांची उपजीविका घोड्यांवरच आहे, आणि त्यांतील बहुतेक या माणसासारखेच प्रामाणिक असतील, यात मला शंका नाही. म्हणून घोडा टाळा असे मी म्हणणार नाही. वृद्ध किंवा अशक्त माणूस बरोबर असेल तर तो जरूर करावा. मात्र नाक्यावरच्या गर्दीत, पॉइंटांच्या संख्येवर करू नये. गावात पोचून, चहा घेऊन, शांतपणे, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंत असा ठराव करावा, जाण्यायेण्याची आणि थांबण्याची रक्कम आधी बोलून घ्यावी, आणि घोड्याबरोबर चालणारा माणूस शेवटपर्यंत तोच राहील एवढे वदवून घ्यावे.