टायर घेण्याआधी

चि. भाचेबाई,

टायरचे फोटो मिळाले. पुढचे दोन्ही गोटा व्हायला आलेत, मागचे अजून बरे आहेत. नेक्सॉन ईव्हीत असंच व्हायचं. मोटरचा जोर पुढच्या चाकांवर, पाय काढल्यावर वीज परत घेताना लागणारा ब्रेकही पुढच्याच चाकांना. त्यात बॅटरीमुळे गाडी जड, आणि मोटरची ताकद पहिल्या क्षणापासून हजर. सिग्नल सुटल्यावर तू कशी निघतेस ते मी पाहिलंय, जावईबापूंवर ढकलू नकोस. दर आठ-दहा हजारांना चाकं पुढची मागे, मागची पुढे केली असतीस तर चारही बरोबरीने झिजले असते.

नवे घेण्याआधी जुने नीट बघ. उजव्या पुढच्या टायरची फक्त आतली कड खाल्लेली दिसते. ते अलाइनमेंटचं दुखणं आहे, टायरचं नाही. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्ये नक्षी शिल्लक असली तर हवा कमी राहत होती असं समज. मधलाच पट्टा गेला असेल तर जास्त. अलाइनमेंट न करता नवे टायर चढवलेस तर तेही आतून खाल्ले जातील.

आता तुझा मूळ प्रश्न. दुकानदार म्हणतो ईव्हीचेच टायर घ्या, शेजारचे काका म्हणतात कुठलेही चालतात. दोघंही अर्धंच बोलतात. सिएटचे एनर्जीड्राइव्ह, अपोलोचे अँपेरियन असे खास ईव्हीसाठी काढलेले टायर आपल्याकडे मिळतात आणि ते वाईट नाहीत: कमी विरोधाने धावावेत, आवाज कमी करावा, वजन पेलावं हा त्यांचा हेतू. पण टायरवर ‘ईव्ही’ छापलंय म्हणजे त्याने वेगळी सरकारी परीक्षा दिली असं नाही. तो शब्द कंपनीचा. तू त्याच्या शेजारचे आकडे वाच.

तुझ्या गाडीचं माप २१५/६० आर १६. त्यापुढे दोन आकडे आणि एक अक्षर असतं, आणि दुकानात नेमकं त्याकडेच कोणी बघत नाही. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो पेलतो, ९१ म्हणजे ६१५, ९९ म्हणजे ७७५. अक्षर वेगाचं, एच म्हणजे ताशी २१०. गाडीच्या पुस्तकात जो आकडा दिलाय त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलीस तर हरकत नाही. ‘हेही बसतं मॅडम’ असं कोणी म्हणालं तर बसतं हे खरंच असेल, पण पेलतं का ते विचार. आणि रुबाबासाठी रुंद टायर नकोत, रेंज खातात.

रेंजची तुला फार काळजी दिसते. टायर जितका सहज लोळेल तितकी बॅटरी वाचते, हे खरं. पण सहज लोळणं आणि ओल्या रस्त्याला चिकटून राहणं या दोन गुणांचं फारसं पटत नाही. चांगल्या कंपन्या रबरात सिलिका घालून दोन्ही साधायचा प्रयत्न करतात, स्वस्तात मात्र एक मिळतं आणि दुसरं जातं. तुझं सासर चिपळूणला. आषाढात कुंभार्ली घाट उतरताना दहा-पंधरा किलोमीटरची जास्तीची रेंज तुझ्या काय कामाची? तिथे ब्रेक दाबल्यावर गाडी थांबली पाहिजे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी ओल्या रस्त्यावरची पकड, मग रेंज, मग आवाज. आपल्याकडे २०२२च्या ऑक्टोबरपासून नव्या डिझाइनच्या टायरांना या तिन्ही गोष्टींच्या किमान कसोट्या लागू झाल्या. पण किमान म्हणजे उत्तम नव्हे. तोच टायर युरोपात विकला जात असेल तर तिथल्या लेबलवर पकडीला ए ते ई अशी श्रेणी असते. ए किंवा बी शोध.

नवे टायर टाकल्यावर रेंज थोडी घटेल. झिजलेला टायर सहज लोळतो, नव्याची खोल नक्षी वाकते-दबते आणि तिथे शक्ती जाते. त्यावरून दुकानदाराशी भांडू नकोस.

आतून फोम चिकटवलेले टायरही दाखवतील. ईव्हीत इंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा ऐकू येतो, तो फोमने दबतो. पण पंक्चरला आतून पॅच मारायचा तर फोम कापावा लागतो. पाटणच्या पुढे रस्त्यात पंक्चर झालं तर तिथला पोरगा डोक्याला हात लावेल. तुला नकोत.

दोनच घेणार असशील तर नवे मागे आणि मागचे पुढे. दुकानदार उलट सांगेल, ऐकू नकोस. पाण्यात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा हाती येते. मागची सुटली तर गाडी फिरते, मग सांभाळता येत नाही. मात्र मागच्यांची नक्षी तीन मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर चारही बदल. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवू देतो, कोकणातला पाऊस देत नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा ३२वा आठवडा. भरघोस सूट मिळाली की हे आकडे आधी बघ, गोदामात पडून राहिलेला माल तसाच विकला जातो.

गाडी उचलताना चहाला जाऊ नकोस, तिथेच उभी राहा. तुझ्या गाडीच्या पोटाखाली बॅटरी आहे. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लागला पाहिजे, मध्ये कुठेही लावू देऊ नकोस. नायट्रोजन भरू का विचारतील. साधी हवा पुरते, ती तशीही ७८ टक्के नायट्रोजनच असते. दाब मात्र गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, आणि टायर थंड असताना.

बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर गावातच सबुरीने चालव, नव्या रबराची पुरी पकड यायला तेवढं अंतर लागतं. त्यानंतर चिपळूणला निघा.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा