कागद कुणी लिहिला, ते आधी विचार

मुग्धे, तो लॅपटॉप मिट आणि आधी सासूबाईंना फोन लाव. इरासाठी तिच्या बाबांच्या बाजूची वंशावळ करायची म्हणतेस, फार छान. पण पहिल्याच रात्री 'मर्फी, कॉर्क' असं टाकून शोधत बसलीस तर मर्फींचा पूर येईल आणि त्यातला आपला कोणता हे सांगायला कुणी नसेल. सासूबाईंच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच अभिलेखागारात नाही, आणि त्यांचं वय झालंय. कागद थांबतील गं, माणसं थांबत नाहीत.

पण त्यांना 'घराण्याचा इतिहास सांगा' असं म्हणू नकोस. 'आमच्यात काही विशेष नाही' म्हणतील आणि विषय संपेल. बारीकसारीक विचार. आजीचं माहेरचं आडनाव काय? त्यांचं लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं? नाताळची कार्डं अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून कुणाची यायची? कुणाचं नाव काढलं की मोठी माणसं गप्प व्हायची? जुने फोटो मागव आणि त्यांची पाठ आधी बघ. आयरिश कॅथलिक घरांत प्रार्थनेच्या पुस्तकात मेमोरियल कार्डं जपलेली असतात, गेलेल्या माणसाचं नाव, वय, तारीख छापलेली. एखादं कार्ड सापडलं तरी महिन्याचं काम वाचतं.

आता मुख्य गोष्ट, जी मी वाचनालयाच्या स्थानिक इतिहास विभागात बसून शिकले. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की क्षेत्रोपाध्ये गाव आणि आडनाव विचारतात, वही उघडतात आणि पणजोबांचं नाव समोर. ती वही मुळातच घराण्यांच्या नावांची असते. इथे, ब्रिटन-आयर्लंडात, तशी वही नाही. इथला प्रत्येक कागद कुणीतरी स्वतःच्या कामासाठी लिहून घेतलाय. कुणाला कर हवा होता, कुणाला सैनिक, कुणाला रेशनकार्डासाठी डोकी मोजायची होती. म्हणून कुठलाही कागद हातात आला की तीन प्रश्न विचार: हा कुणी लिहून घेतला, कशासाठी, आणि माहिती देणाऱ्याला खोटं बोलून काही मिळणार होतं का? पुढचं मी जे काही सांगणार आहे, ते सगळं या तीन प्रश्नांतूनच निघतं.

इंग्लंड आणि वेल्सपासून सुरू कर, कारण ते सोपं आहे. जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून. फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी उतरवलेली सूची फुकट बघता येते. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या सूचीत तर जन्मनोंदीपुढे आईचं माहेरचं आडनावही दिलंय, अगदी सुरुवातीपासून. एकाच गावातल्या दोन जॉन स्मिथमधून आपला निवडायला यासारखं साधन नाही. फक्त लक्षात ठेव, सूची तिमाहीची आहे आणि ती नोंदणीच्या तारखेप्रमाणे लागते, जन्माच्या नाही. बाळाची नोंद करायला सहा आठवडे मिळायचे, त्यामुळे मार्चमधलं बाळ जूनच्या तिमाहीत सापडतं. आणि सुरुवातीची काही दशकं सगळे जन्म नोंदले गेलेच नाहीत. सक्ती खऱ्या अर्थानं 1875 पासून कडक झाली.

लग्नाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या वडलांचं नाव आणि धंदा असतो. आयांची नावं मात्र नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये ती लिहायला 4 मे 2021 उजाडावा लागला! म्हणजे बायकांचा माग काढायचा तर जन्मदाखल्यावरूनच. आणि लग्नाच्या दाखल्यावरचं वय छातीठोक धरू नकोस. एकवीस पूर्ण नसतील तर आईवडलांची संमती लागायची, मग घाईतली पोरं वय वाढवून सांगायची. ज्या मुलीला वडलांचं नावच माहीत नसायचं, ती पाद्र्यासमोर एखादं नाव रचूनही सांगायची.

जनगणना दर दहा वर्षांनी, 1801 पासून. पण नावं बघायची ती 1841 पासून पुढे. त्या 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती, म्हणून चौतीस वर्षांची बाई तिथे तीस वर्षांची दिसेल. नातं आणि जन्मगाव 1851 पासून येतं. सासूबाईंच्या आजीसाठी 1911 ची जनगणना काढच. त्यात विवाहित बाईला किती मुलं झाली, किती हयात, किती गेली, हे विचारलंय. तो रकाना बघशील तेव्हा कळेल की घरात ज्यांचा कधी उल्लेखच झाला नाही अशी दोन-तीन बाळं मध्ये होऊन गेली. 1921 ची जनगणना 2022 मध्ये खुली झाली. त्यापुढे मात्र खिंडार: 1931 ची सगळी कागदपत्रं 1942 च्या डिसेंबरात आगीत गेली, आणि 1941 मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही.

मग मधलं अंतर कसं भरायचं? 1939 चं रजिस्टर बघ. युद्ध सुरू होताच 29 सप्टेंबरला ओळखपत्रं आणि पुढे रेशन यासाठी घरोघरच्या लोकांची नोंद केली गेली, जन्मतारखेसकट. पुढे हीच वही राष्ट्रीय आरोग्य सेवेनं वापरली, आणि त्यांना माणसं हरवून चालणार नव्हती. म्हणून लग्न झालेल्या मुलीच्या आडनावावर काट मारून नवं आडनाव वर लिहिलेलं सापडतं. लग्नानंतर हरवलेल्या आत्या-मावश्या मी यातूनच शोधून दिल्यात. जी माणसं हयात असू शकतात त्यांच्या ओळी झाकलेल्या असतात.

1837 च्या मागे गेलीस की चर्चची दप्तरं. पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी ठेवायचा हुकूम 1538 चा, राजाच्या मंत्र्याचा, थॉमस क्रॉमवेलचा. सगळ्या टिकल्या नाहीत, पण बऱ्याच काउंटी अभिलेखागारांत आहेत. त्यात एक खोच. इंग्लंडात 1752 पर्यंत कायद्यानं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे एप्रिल 1720 मध्ये लग्न आणि 'फेब्रुवारी 1720' मध्ये बाळ असं दिसलं तर दचकू नकोस, बाळ दहा महिन्यांनीच आलंय. मृत्युपत्रं 12 जानेवारी 1858 पासून सरकारकडे, त्याआधीची चर्चच्या न्यायालयांकडे. तुझे दीर म्हणतात ती स्कॉटिश शाखा खरी निघाली तर नशीब समज. तिथे नोंदणी 1855 मध्ये सुरू झाली खरी, पण मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा आईवडील दोघांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट. एक दाखला आणि एक पिढी मागे. स्कॉटलंड्स पीपल हे तिथलं सरकारी संकेतस्थळ.

आता आयर्लंड. इथे जरा मन घट्ट कर.

तुला कुणीतरी सांगेल की आयर्लंडचं सगळं जळलं. सगळं नाही. 30 जून 1922 ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस स्फोटात उद्ध्वस्त झालं. 1821 ते 1851 च्या जनगणनांचे काही तुकडे सोडले तर बाकी सगळं गेलं, मृत्युपत्रं गेली, चर्च ऑफ आयर्लंडची, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चची बरीच दप्तरं गेली. पण 1861 आणि 1871 च्या जनगणना आगीत गेल्या नाहीत, त्या सरकारनंच आधी नष्ट केल्या होत्या. आणि 1881, 1891 च्या पहिल्या महायुद्धात लगद्यात गेल्या. वाचून राग येतो, येऊ दे. मग शांतपणे विचार कर की त्या इमारतीत काय नव्हतं.

कॅथलिक चर्चची दप्तरं नव्हती, ती आपापल्या पॅरिशमध्येच होती. आज 1880 च्या सुमारापर्यंतची त्यांची छायाचित्रं आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. अक्षर किचकट आणि भाषा पुष्कळदा लॅटिन, पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव आणि धर्ममातापित्यांची नावं मिळतात. ते बहुधा मामा, मावशी, काका असेच कुणी. ती नावं वहीत उतरवून ठेव, पुढे धागा तुटला की तीच जोडून देतात. सरकारी जन्म-मृत्यूच्या नोंदीही नव्हत्या. सगळ्यांची नोंदणी 1864 पासून, प्रॉटेस्टंटांच्या लग्नांची 1845 पासून, आणि यातल्या जुन्या नोंदींच्या मूळ पानांच्या प्रतिमा आयरिश जीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर पैसे न देता दिसतात. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटींसाठी बेलफास्टच्या कार्यालयाकडेही बघ.

1901 आणि 1911 च्या जनगणना पूर्ण टिकल्यात आणि फुकट आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून बघ, गंमत येईल. 1901 मध्ये अठ्ठावन्न वर्षांची आजी 1911 मध्ये एकाहत्तरची! दहा वर्षांत तेरा वर्षं कशी वाढली? जानेवारी 1909 पासून सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी पेन्शन मिळू लागली होती. मी म्हटलं ना, सांगणाऱ्याला काय मिळणार होतं ते विचार. पण त्यांना दोष देऊ नकोस. 1864 च्या आधी जन्मलेल्यांपाशी सरकारी जन्मदाखला असणार कुठून? मग वयाचा पुरावा म्हणून पेन्शन कार्यालय 1841 आणि 1851 च्या जनगणनेत नाव शोधायला लावायचं. त्या शोधाचे अर्ज उरलेत. जनगणना जळली, पण तिच्यातून उतरवून घेतलेल्या ओळी वाचल्या. डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये त्या बघायला मिळतात. तिथेच कळलं की 1926 ची, स्वतंत्र राज्याची पहिली जनगणना शंभर वर्षांनी, एप्रिल 2026 मध्ये खुली करायची असं त्यांनी ठरवलं होतं.

1901 च्या मागे जनगणनेच्या जागी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन. रिचर्ड ग्रिफिथनं 1847 ते 1864 मध्ये कर आकारण्यासाठी केलेली ही घर-जमिनीची यादी. कर ज्याच्याकडून घ्यायचा त्याचंच नाव, म्हणजे कुटुंबप्रमुखाचं, बायको-मुलं नाहीत. पण माणूस कुठल्या टाउनलँडमध्ये राहत होता ते कळतं. आयर्लंडात टाउनलँड हे वस्ती-जमिनीचं सगळ्यात छोटं एकक, आणि अशी साठ हजारांहून जास्त आहेत. नुसत्या 'कॉर्क' या काउंटीच्या नावावर भागत नाही, टाउनलँड हवंच.

आणि इथेच सगळे अडतात. इंग्लंडच्या जनगणनेत आयर्लंडहून आलेल्यापुढे अनेकदा नुसतं 'आयर्लंड' लिहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्याला तेवढंच पुरेसं होतं. मग गाव कुणाला हवं होतं ते शोध. सैन्याला हवं होतं. भरतीच्या वेळी जन्माचं पॅरिश विचारायचे. तुझ्या सासूबाई म्हणतात ना, त्यांचे पणजोबा 'इंडियात' पलटणीत होते? मग लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमधली निवृत्त सैनिकांची कागदपत्रं बघ. फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर त्यांच्या प्रती आहेत. पहिल्या महायुद्धातला सैनिक असेल तर मोठी आशा धरू नकोस, त्यांची बरीच कागदपत्रं 1940 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली.

तो 'इंडिया' म्हणजे आपलं पुणं-खडकी, तेव्हाचं अहमदनगर नाहीतर देवळालीही असू शकतं बरं का! मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जायच्या. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि मुंबईचा संच वेगळा लावलेला आहे. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची सूची फुकट शोधता येते. इराच्या खापरपणजीचा बाप्तिस्मा खडकीला झालेला निघाला, तर आईला फोन करून सांगताना तुझा चेहरा बघायचाय मला.

एक नाजूक गोष्ट. काहीतरी सापडणारच आहे. बापाचा रकाना कोरा असलेला जन्मदाखला, लग्नाआधीचं मूल, वर्कहाउसमधला, म्हणजे गरिबांच्या आश्रयघरातला जन्म. 1904 पासून तर वर्कहाउसमध्ये जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावर संस्थेऐवजी रस्त्याचा साधा पत्ता लिहायला सांगितलं होतं, त्या मुलांना पुढे खाली बघावं लागू नये म्हणून. म्हणजे कधी कधी कागद मायेपोटीही खरं लपवतो. तू लपवू नकोस, पण ख्रिसमसच्या जेवणाला सगळ्यांसमोर जाहीरही करू नकोस. सासूबाईंना एकटीनं गाठून विचार, 'असं काही सापडलं तर ऐकायला आवडेल का?' पुष्कळदा त्यांना ते आधीच माहीत असतं. डीएनए चाचणीची किट घरात आणण्याआधीही हेच विचार. तिच्या निकालात हयात माणसांची गुपितं असतात आणि निकाल परत पेटीत घालता येत नाही.

पैशांचंही सांगते. लगेच वर्गणी भरू नकोस. फॅमिली सर्च हे संकेतस्थळ फुकट आहे, आणि आन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत बसून फुकट बघता येतं. दाखल्यांवर खर्च कर, पण छापील दाखल्याऐवजी डिजिटल प्रत मिळत असेल तर तीच माग, स्वस्त पडते. दुसऱ्यांनी नेटवर टाकलेल्या तयार वंशावळी बघ जरूर, पण उतरवून घेऊ नकोस. एकानं चुकीचा मर्फी जोडला की पुढचे दहाजण तोच जोडतात, आणि दहा ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार असं वाटायला लागतं.

प्रत्येक नावाखाली ते कुठल्या कागदातून आलं ते त्याच दिवशी लिही. आयरिश बाजू 1820 च्या आसपास थांबली तर हिरमुसू नकोस, साध्या शेतकऱ्याच्या घराची वाट बहुतेक तिथेच संपते. मागे राजा-सरदार जोडून देणारा कुणी भेटला तर त्याला कागद दाखव म्हण. इराच्या वहीत चौकोन रिकामा राहिला तर राहू दे. तो का रिकामा आहे हे तिला सांगता आलं, की तिला तिच्या माणसांबद्दल बरंच काही कळलेलं असेल. रविवारी फोन कर, आजीचं माहेरचं आडनाव घेऊन. तिथून पुढचं आपण दोघी बघू.