पडद्यावरचा जवान

मुलांनो, 'हकीकत' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत त्याचा अर्थ सत्य. मराठीतही तो आहे. पण आपण 'काय झाले त्याची हकीकत सांग' असे म्हणतो, तेव्हा फक्त घडलेला वृत्तान्त विचारतो. १९६२ च्या चीन युद्धावर चेतन आनंद यांनी १९६४ साली चित्रपट काढला, त्याचे नाव हेच होते. युद्धाच्या चित्रपटांत मराठी हकीकत असतेच. उर्दू हकीकत किती असते?

'बॉर्डर' (१९९७) तुम्ही टी.व्ही.वर पाहिला असेल. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातील लोंगेवाला चौकीवर सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाडे रात्रभर रोखून धरले. उजाडताच आपली विमाने आली. एवढे खरे आहे. पडद्यावर मात्र एकामागून एक जवान पडतात. प्रत्यक्षात त्या लढाईत आपले दोन जवान शहीद झाले. दोन जीव प्रेक्षकांना थोडे वाटले असते की काय!

नाना पाटेकर यांचा 'प्रहार' (१९९१) वेगळा आहे. दिग्दर्शन त्यांचेच आणि मेजर चव्हाणची भूमिकाही त्यांचीच. त्यासाठी ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांबरोबर राहून शिकले. या रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आहे. चित्रपटाचा मोठा भाग नुसत्या प्रशिक्षणाचा आहे : धापा टाकणारी तरुण मुले, रागावणारा मेजर आणि पुन्हा धावणे. पुढे पीटर डिसूझा नावाचा जवान एका मोहिमेत पाय गमावून घरी येतो. त्याच्या वडिलांची बेकरी आहे. ही भूमिका हबीब तन्वीर यांनी केली आहे. गोळी लागल्यानंतरचे आयुष्य आपल्या चित्रपटांत क्वचितच दिसते. शेवटी मात्र मेजर स्वतःच गुंडांना शिक्षा देऊ लागतो. हे मला पटत नाही. हुकमाशिवाय हात उचलायचा नाही, हेच तर फौजेत शिकवतात.

तुमच्यापैकी काहींना फौजेत जायचे असेल. भरतीच्या मैदानावर १.६ किलोमीटर धावावे लागते, आणि तेथे मागे संगीत वाजत नाही. गोंदिया स्टेशनवर सुट्टीवर आलेला एखादा जवान काळी ट्रंक घेऊन उतरताना दिसेल. ओळखीचा असेल, तर त्याच्याजवळ बसा. लढाईचे आधी विचारू नका. रात्रीचा पहारा कसा असतो, रोट्या कोण भाजतो, घरी फोन कधी लागतो, हे विचारा. तो पुष्कळ सांगेल. शिपाई, हवालदार, सुभेदार हे त्याचे शब्द तुम्हांला कोणी समजावून द्यावे लागणार नाहीत.