विहिरीच्या भिंतीतला विझलेला ज्वालामुखी



विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, त्याखाली कधी मांजऱ्या तर कधी घट्ट काळा पाषाण. मध्येच एखादा लाल पट्टाही दिसतो. हे थर ज्वालामुखीने घातले आहेत. तो जन्मतो कसा, निजतो कसा आणि मरतो कसा, ते आज आपण पाहू.

जमिनीच्या कवचाखालचा खडक अतिशय तापलेला असतो. पण वरून दाब प्रचंड, म्हणून तो बहुतेक घट्टच राहतो. असा खडक वर सरकला की दाब कमी होतो आणि त्यातला काही भाग वितळतो. हा रस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, त्यामुळे फटी शोधत वर येतो. सोड्याची बाटली उघडताच फेस उसळतो ना, तसे रसात कोंडलेले वायू वर येताना सुटतात आणि त्याला बाहेर लोटतात. हाच लाव्हा.

ज्वालामुखी पेटता असतो तोवर त्याला जागृत म्हणतात. तो थंडावला, पण खालची आच गेली नसेल, तर निद्रिस्त. निद्रिस्ताचा भरवसा धरू नये. अंदमानातल्या बॅरन बेटावर 1787 साली उद्रेकाची नोंद झाली. एकोणिसाव्या शतकात तो शांत झाला, शंभराहून अधिक वर्षे गप्प राहिला आणि 1991 साली पुन्हा पेटला.

मग मरतो कधी? गुऱ्हाळात काहील चुलवणावरून उतरवली की, चुलवण धगधगत असले तरी काहिलीतली उकळी बसते. तसेच हे. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे असून ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपला भूभाग दक्षिणेला, हिंदी महासागरातल्या एका आचेवर होता, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांत ते आजही मोजता येतात. पुढे भूभाग उत्तरेला सरकला, आच मागे राहिली, आपले ज्वालामुखी कायमचे विझले. ती आच आज रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. लोणारचे विवर मात्र ज्वालामुखीचे नव्हे, ते उल्केच्या आघाताने झाले.

आता विहिरीकडे येऊ. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे वरच्या अंगाला अडकले, तो भाग झाला मांजऱ्या. पोटातला भाग घट्ट पाषाण. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, तिथे पुष्कळदा लाल पट्टा तयार झाला. पाणी साठते ते कुजलेल्या व भेगाळ खडकात. मांजऱ्याची भोके बऱ्याचदा पांढऱ्या खनिजाने बुजलेली असतात, तेव्हा नुसती भोके बघून हुरळू नये. अखंड पाषाणात तर पाणी जवळजवळ नसतेच.

म्हणून खोल गेले की पाणी लागणारच, हा समज बरा नव्हे. कर्ज काढून विहीर खाली नेण्याआधी ऐन उन्हाळ्यात शेजारपाजारच्या चार विहिरींत डोकवावे. पाझर कोणत्या थरातून येतो, किती हातांवर येतो, ते वहीत टिपून ठेवावे. खाली नुसता अखंड पाषाण दिसत असेल, तर तो पैसा राखून ठेवलेलाच बरा.