दुधाच्या पातेल्यासाठी विणलेले मणीदार झाकण

दूध तापवून उतरविल्यापासून ते निवेपर्यंत त्यास माश्यांपासून जपावे लागते. शेणावर व उकिरड्यावर बसलेली माशी तीच घाण पायांस लावून दुधावर येते आणि हगवण, विषमज्वर अशा रोगांचे जंतू त्यात सोडते. गरम दुधावर गच्च ताट झाकल्यास वाफ कोंडून तिचे पाणी दुधातच गळते. यास्तव वाफ जाऊ देणारे, परंतु माशी अडविणारे झाकण घरोघरी असावे. ते क्रोशाच्या सुईने विणता येते व घरास शोभाही आणते.

साहित्य : पांढरा सुती क्रोशाचा दोरा, त्यास साजेशी सुई व दोरा आरपार जाईल अशा भोकाचे काचेचे मणी. लाकडी मणी धुण्याने फुगतात, म्हणून टाळावेत.

माप : झाकण पातेल्याच्या तोंडाहून सर्व बाजूंनी ४ ते ५ सेंटिमीटर मोठे असावे. तोंड १२ सेंटिमीटर असल्यास झाकणाची रुंदी सुमारे २० ते २२ सेंटिमीटर धरावी.

कृती : ४ साखळ्यांचे कडे करावे. कडे मोठे केल्यास मध्यभागी भोक राहते. पहिल्या फेरीत कड्यात १२ खांब घालावेत. फेरीच्या आरंभीच्या ३ साखळ्या एक खांब समजाव्यात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर २ खांब घालून २४, तिसऱ्या फेरीत एकाआड एक खांबावर २ घालून ३६, याप्रमाणे दर फेरीस १२ खांब वाढवावेत. कडा वाटीसारख्या वर उचलल्यास वाढ कमी पडली आणि झालरीसारख्या मुडपल्यास ती अधिक झाली, असे समजून तेवढी फेरी उसवावी.

हवी ती रुंदी होताच दोरा तोडावा व फेऱ्या मोजाव्यात. फेऱ्यांच्या दुप्पट मणी लागतात. १५ फेऱ्यांस ३० मणी. ते गुंड्याच्या दोऱ्यात आधीच ओवून दोरा पुन्हा जोडावा. नंतर ३ साखळ्या, एक मणी सरकवून पुन्हा ३ साखळ्या घालाव्यात, ५ खांब सोडून सहाव्यावर मुका खांब घालावा. अशा कमानी फेरी पुरी होईपर्यंत कराव्यात. मण्यांच्या भाराने झाकण वाऱ्याने उडत नाही.

निगा : झाकण पेटत्या चुलीजवळ ठेवू नये. दूध सांडताच ते साबणाने धुवावे, एरव्ही आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात वाळवावे. खळ घालू नये. ताठ झाकण कडेस टेकत नाही व फट राहते. धूळ व मुंग्या या जाळीने अडत नाहीत. म्हणून पातेले पाणी घातलेल्या परातीत ठेवावे आणि दूध निवल्यावर धातूचे झाकण घालावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत पहिल्या तीन फेऱ्या प्रत्यक्ष विणून दाखवाव्यात. त्याबरोबरच गोठ्याजवळील उकिरडा घरापासून दूर हलविण्याचाही आग्रह धरावा. कारण झाकण माशीस अडविते, तिची पैदास थांबवीत नाही.