मृत्यूंची मोजदाद

साथ ओसरली कीं लोक विचारतात, "किती माणसें गेलीं?" उत्तर सोपें वाटतें, परंतु रुग्णालयांत किती जागा होती आणि गांवच्या वहींत कोणाचें नांव चढलें, या दोन गोष्टींवर तें अवलंबून असतें.

इ. स. १९१८ चा इन्फ्ल्युएंझा पाहावा. ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबई शहरांत ७६८ मृत्यु झाले. पुष्कळ डॉक्टर महायुद्धावर गेले होते; खेड्यांत तर नोंद ठेवणारेच अंथरुणास खिळले. हिंदुस्थानांत सुमारें ६० लक्ष माणसें दगावलीं, असा आरोग्य खात्याचा पहिला अंदाज होता. १९२१ च्या खानेसुमारीनंतर तो सव्वा कोटीच्या घरांत गेला.

शतकानंतर कोविडच्या साथींतही तेंच घडलें. एप्रिल २०२१ मध्यें खाटा व प्राणवायु अपुरे पडले. खाट न मिळालेला रोगी घरींच वारला, तर बहुधा तपासणी नाहीं. आणि तपासणी नाहीं, म्हणून वहींत रोगाचें नांव नाहीं. मोखाडा-जव्हारच्या पाड्यांस मोठें रुग्णालय दूर. बोईसर-तारापूरचा परप्रांतीय कामगार आजारी होऊन मूळ गांवीं वारला, तर त्याची नोंद तिकडे होते. शिवाय खाटेअभावीं सर्पदंशाचा रोगी किंवा अडलेली बाळंतीण दगावली, तर तोही साथीचाच बळी. पण त्या यादींत तो येत नाहीं.

यावर गणिताचा एक उपाय आहे. समजा, एका गांवीं वर्षास २० मृत्यु होत. साथीच्या वर्षीं ३५ झाले. रोगाच्या नांवें मात्र ४ च नोंदले. तर जादा मृत्यु १५, आणि न दिसलेले ११. अशा रीतीनें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतांत सुमारें ४७ लक्ष जादा मृत्यु झाल्याचा अंदाज केला. सरकारी आकडा ४ लक्ष ८१ हजार होता. भारत सरकारनें त्या पद्धतीस हरकत घेतली. तथापि सर्व मृत्यु वेळेवर नोंदले जात, तर अंदाजाची गरजच अल्प राहती.

हा केवळ आंकड्यांचा वाद नव्हे. कोविडनें मृत झालेल्यांच्या वारसांस ५०,००० रुपये साहाय्य ठरलें. परंतु त्यासाठीं कागद हवा. ज्या विधवेपाशीं तपासणीचा कागद नाहीं, तिचें दुःख खरें असूनही तिचा हक्क सिद्ध करणें कठीण झालें. यासाठीं आम्ही पालकांस विनवितों कीं, घरांतील मृत्यूची नोंद २१ दिवसांचे आंत अवश्य करावी. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानीं धरावें कीं, वहींतील प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस होय. ती ओळ सुटली, तर पुढील साथीसाठीं किती खाटा लागतील याचा हिशेबही चुकतो.